खैरूनने भरलेला हात

चिचटोल्यात बांगड्या सायकलवरून यायच्या, त्या काळातली ही गोष्ट. चंद्रपूर जिल्हा फुटून गडचिरोली नुकतीच वेगळी झाली होती. आरमोरीचा बाबूभाई मनियार सायकल हाणत यायचा, मागे कॅरियरवर त्याची लेक खैरून आणि तिच्या मांडीवर बांगड्यांची लाकडी पेटी. तलावाच्या पाळीवर मात्र उतरावं लागायचं, कारण तिथली वाट बैलांनी तुडवून पार खाचखळग्यांची केली होती. मग बाप सायकल ढकलत पुढे आणि लेक मागे. चार पावलं चालायची, थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा चालायची. पाळीवर कोणीतरी असं अडखळत येताना दिसलं, की मोहफुलं वाळत घालणाऱ्या बाया हात झटकून उठायच्या. "आली वो खैरून," एकीने म्हटलं की दुसरीने पुढच्या घरी सांगायचं. अशी ती गावात शिरण्याआधीच गावभर पोचलेली असायची.

आता बाजारात प्लॅस्टिकच्या बांगड्या ढिगाने मिळतात आणि हात ज्याचा त्याने भरायचा असतो. तेव्हा तसं नव्हतं. हात भरून घेणं हा अर्ध्या दिवसाचा सोहळा होता, आणि खैरूनकडून भरून घेणं म्हणजे तर विचारायलाच नको. तिची एक रीत होती. ती तोंडाकडे बघायची नाही. समोर येईल तो हात धरायचा, अंगठा आत दुमडायचा, बोटं चोळत राहायची आणि बाईला असं काहीतरी विचारायचं की तिला उत्तर दिल्यावाचून राहवू नये. लाजून आकसलेल्या नवरीला ती विचारायची, "तुमच्या घरच्या गाईचं नाव काय वो?" नवरी सांगू लागली की हात ढिला पडायचा आणि बांगडी आत. एखादीला कळायचंदेखील नाही. बांगडी फुटलीच तर नुकसान मनियाराचं, आणि फुटली असं म्हणायचंही नाही, वाढली म्हणायचं. हात भरून झाला की बाईने पदर घेऊन बांगडीवालीला नमस्कार करायचा, मग ती वयाने लेकीसारखी असली तरी. खैरून तोंडभर आशीर्वाद द्यायची. साठीच्या बायांना एकोणीस वर्षांची पोर "सुखी राहा" म्हणते, याचं कोणाला हसू यायचं नाही.

हे सगळं बायनाबाई बाजूला बसून बघायची.

बायनाबाई म्हणजे गावातल्या लहानूभाऊच्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन घरात आली आणि दोन पावसाळ्यांत नवरा तापाने गेला. तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची असेल. हातातल्या बांगड्या नवऱ्याच्या मातीच्या दिवशी दगडावर ठेचल्या गेल्या, त्यानंतर मनगट उघडं ते उघडंच. पुढे घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. देव्हाऱ्यातले देव तलावात गेले, पोथी गेली, कोंबडं-बकरं गेलं. लहानूभाऊ तर बुद्धवंदना एवढ्या मोठ्याने म्हणायचा की शेजारच्या गोंडवाड्यातले लोक थट्टेने म्हणत, बुद्धाला कमी ऐकू येते वाटते. पण देवांबरोबर बायनाबाईच्या मनगटावरचा नियम काही तलावात गेला नाही. तो घरातच राहिला. कोणी तो मुद्दाम ठेवला असंही नाही. त्याच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही, आणि बायनाबाईनेही कधी तोंड उघडलं नाही. लहानूभाऊने तिला उपाशी ठेवलं नाही, कधी वाकडं बोलला नाही. भात रोवायला, कापायला, सडा-सारवणाला ती सगळ्यांच्या पुढे. दिवस आला तसा गेला, आणि असे दिवस गोळा होत होत साठी आली.

लग्नघरी बांगड्या भरताना तिचं एक काम ठरलेलं होतं. काचा वेचायच्या. वाढलेल्या बांगड्यांचे तुकडे मांडवात पडायचे आणि पोरंसोरं अनवाणी धावायची. म्हणून बायनाबाई सुपली घेऊन खैरूनच्या डाव्या बाजूला बसायची, तुकडा पडला की हात पुढे करायची, उचलायची, सुपलीत टाकायची. सगळ्या गावातला बांगड्यांचा आवाज तिच्या कानावरून गेला होता. तिच्या वाट्याला त्यातला फुटलेला भाग आला होता.

लहानूभाऊच्या थोरल्या लेकीचं, इतवारीचं लग्न निघालं तो उन्हाळा. दारात जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव पडला होता आणि त्याच्या गारव्यात बाया दाटीवाटीने बसल्या होत्या. बाबूभाई पेटीतून बांगड्यांच्या माळा काढून देत होता, खैरून भरत होती. नवरीचा हात झाला, नवरीची आई कमलाबाई झाली. मग एका पाहुणीच्या जाड मनगटावर एक बांगडी वाढली. खैरून तिला म्हशीच्या रेडकाविषयी विचारत होती, मान खालीच होती. काच पडलेली बघून बायनाबाईने सवयीने तळहात पुढे केला.

पुढे आलेला हात भरायचा, एवढंच खैरूनच्या बोटांना ठाऊक. त्यांनी तो हात धरला, अंगठा दुमडला, बोटं चोळली. "अन् मंग रेडकू दूध प्यायलं का नाई?" असं ती म्हणाली आणि हिरवी बांगडी बायनाबाईच्या हातात गेली.

कुणीतरी तोंडाला पदर लावला. खैरूनने मान वर केली, तेव्हा तिला कळलं की हात कोणाचा आहे. बायनाबाई त्या मनगटाकडे अशी बघत होती, जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं. ओढून घ्यायचंही तिला सुचलं नाही.

खैरूनचा चेहरा पांढरा पडला. मग तिने बायनाबाईच्या तोंडाकडे नीट पाहिलं. ती कोणाच्या तोंडाकडे बघत नसे, म्हणून बायांना ते आजही आठवतं. बघता बघता तिने मांडीवरच्या माळेतून आणखी एक बांगडी सोडवली आणि त्याच हातात चढवली.

"एक बांगडी वाजत नाई, मावशी," ती म्हणाली.

बातमी ओसरीवर जायला वेळ लागला नाही. लहानूभाऊ तरातरा आत आला. माणूस वाईट नव्हता, पण लेकीचं लग्न होतं आणि विधवेच्या हातातली हिरवी बांगडी त्याला अपशकुनाची वाटत होती.

"बाबूभाई, हे काय करून राह्यले तुमी? लगनघर आहे हे. उतरवा त्या."

बाबूभाई हात जोडून उभा राहिला. "चूक झाली, भाऊ. पोरीनं पाह्यलं नाई. पण आमच्या घरचा हात भरते, उतरवत नाई. माह्या बापानं कधी उतरवली नाई, त्याच्या बापानं नाई. तुमी आपल्या घरच्या बाईले सांगा."

लहानूभाऊने कमलाबाईकडे पाहिलं. कमलाबाईने बायांकडे पाहिलं. लग्नाच्या मांडवात हिरवी बांगडी फोडायची, तीही स्वतःच्या हाताने, हे पाप कोण घेणार? एकेक जण मान वळवू लागली. गावाचा नियम एका बाजूने अडला होता, मनियाराचा दुसऱ्या बाजूने, आणि मधे बायनाबाईचं मनगट होतं.

"वहिनी," शेवटी लहानूभाऊ म्हणाला, "तूच काढ बरं."

त्या घरात लहानूभाऊने सांगितलं आणि वहिनीने ऐकलं नाही, असं आजवर झालं नव्हतं. बायनाबाई उठली. तिने सुपली उचलली, काचा उकिरड्यावर टाकून आली, घागर घेतली आणि पाणी आणायला बोडीच्या तळ्याकडे निघून गेली. घागर कमरेवर घेताना बांगड्या वाजल्या. एवढंच तिचं उत्तर.

पण उत्तर देणं सोपं आणि निभावणं कठीण. इतवारी सासरी गेली आणि बायनाबाईच्या जिवाला घोर लागला. पोरीच्या संसारात जरा खुट्ट झालं, की सगळं या दोन बांगड्यांवर येणार हे तिला कोणी सांगायला नको होतं. इतवारीचा नवरा तापाने पडला, तेव्हा लहानूभाऊ फक्त तिच्या हाताकडे बघून बाहेर गेला. तो नवरा बरा झाला. इतवारी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि अडली. भर दुपारी आत कळा चालू होत्या आणि बायनाबाई मागच्या दारी जात्याजवळ बसून होती. तिने ठरवलंच होतं, की आतून रडणं ऐकू आलं तर जात्यावर मनगट आपटायचं. आतून रडणं ऐकू आलं, पण ते बाळाचं. मुलगी झाली होती, धडधाकट. तेव्हा बायनाबाई पहिल्यांदा जात्याला टेकून मोकळेपणी रडली.

त्यानंतर लहानूभाऊने तो विषय काढला नाही.

आणि खैरून? तिला तर जणू वाट सापडली. आरमोरीच्या बाजारात विधवा बाया तिच्याकडे येऊ लागल्या. आधी त्या दुकानाच्या मागून यायच्या, बाजार उठायच्या वेळी, कोणी बघत नाही ना असं बघून. खैरून मागून भरायची नाही. "माह्याकडं चोरीचा माल नाई, बाई. समोर बसा," म्हणायची. काही जणी तशाच परत जायच्या. काही पुढच्या बाजाराला समोर येऊन बसायच्या. ज्यांना नको असायच्या त्यांना तिने कधी आग्रह केला नाही. गोंडवाड्यातली बुधरी म्हणाली, मले दोनच पाह्यजे, काळ्या, तर तिला दोन काळ्या. बायनाबाईनंतर आमच्या झाडीतल्या किती गावांत किती मनगटं अशी पुन्हा वाजू लागली, त्याची कोणी मोजदाद ठेवली नाही. ठेवायला हवी होती असंही नाही. लग्नात जाऊन बसलं की ऐकू यायचं.

खैरूनच्या आजाराचं बायनाबाईला कळलं ते पाळीवर. खैरून मोहाच्या झाडाखाली दम घ्यायला बसली होती, ओठ जांभळट झाले होते. बाप पेटी घेऊन गावात पुढे गेला होता. बायनाबाई शेतातून येत होती, ती शेजारी बसली आणि तिची पाठ चोळू लागली.

"दवाखान्यात जात नाई का, पोरी?"

"नागपूरले जाऊन आली. काळजाची झडप खराब आहे म्हणते डाक्टर. लगन करू नको, चालू नको, घरी पडून राह्यली तं वर्षं वाढतीन."

"मंग काऊन फिरून राह्यली उन्हातान्हात?"

खैरून हसली. "अब्बूबी हेच म्हणते. घरी पडून वाढवलेले वर्षं कोणाले घालू, मावशी? बांगडी पेटीत ठेवली तं वाढत नाई, खरं आहे. पण वाजतबी नाई."

बायनाबाईचे डोळे भरून आले. "माह्ये घे वर्षं. मले गंज झाले, पुरून उरले. काय केलं मी त्याहीचं?"

"तुमचे नको," खैरून म्हणाली, "लय कोरडे आहेत." आणि दोघी हसल्या, एवढ्या की खैरूनला खोकला आला.

हसू ओसरल्यावर बायनाबाईने मनात कधीचा अडकलेला प्रश्न विचारून टाकला. त्या दिवशी चुकून भरली, की मुद्दाम?

"पयली चुकून," खैरून म्हणाली. "मी तं घाबरून गेली होती. मंग तुमचं तोंड पाह्यलं. दुसरी मुद्दाम."

ती गेली त्या वर्षी पाऊस फार लांबला होता आणि रोवणी उशिरा चालू होती. आरमोरीच्या बाजाराला गेलेल्या माणसाने येऊन सांगितलं. पंचविशीही गाठली नव्हती पोरीने. बायनाबाई बांधावर उभी होती, चिखलाने भरलेल्या हातांनी. रोवताना काच वाढू नये म्हणून ती बांगड्यांवर चिंधी गुंडाळायची. ती चिंधी तिने सोडली, हात धुतले आणि बुधरीला घेऊन आरमोरीला निघाली. माती कधीच झाली होती. घरात खैरूनची आई शहजादी भिंतीला टेकून बसली होती. तिला काय बोलावं हे बायनाबाईला सुचेना. शहजादीने तिचा हात हातात घेतला आणि त्या दोन बांगड्यांवरून बोट फिरवत राहिली. लेकीने भरलेल्या त्या.

गावाला मात्र बोलायला लवकर सुचलं. जिनं रांडमुंड बायांचे हात भरले ती बघा कशी गेली, म्हणे. तिची झडप जन्मापासून का लहानपणापासून खराब होती, हे लोकांना माहीत होतं, पण माहीत असलेलं विसरायला कितीसा वेळ लागतो! एकीने भीतीने बांगड्या उतरवल्या, मग दुसरीने. होळीपर्यंत बुधरीचंही मनगट उघडं झालं. "मी नाई काढल्या, माह्या सुनेनं काढल्या," ती बायनाबाईला म्हणाली आणि खाली बघत राहिली.

बायनाबाईला राग आला. साठ वर्षांत आला नव्हता एवढा. ती मरणाला भीत नव्हती, लोकांच्या तोंडालाही आता भीत नव्हती. भीती एवढीच, की पोरगी खरंच मरून जाईल. अजून तिने केलेलं काम गावातून चालतंबोलतं होतं, म्हणून ती गेल्यासारखी वाटत नव्हती. शेवटची बांगडी उतरली की मग आरमोरीच्या कब्रस्तानात फक्त माती उरेल.

आणि त्याच उन्हाळ्यात लहानूभाऊच्या धाकट्या लेकीचं, यशोधरेचं लग्न ठरलं.

लहानूभाऊ म्हातारा झाला होता. वंदनेचा आवाजही खाली आला होता. लग्नाच्या आधी तो वहिनीजवळ येऊन उकिडवा बसला. "वहिनी, इतवारीच्या वक्ताले मी ऐकलं तुह्यं. आता त्या पोरीचं असं झालं. मले भेव वाटते. या वक्ताले तरी उतरव." हुकूम नव्हता तो. विनवणी होती, आणि म्हणून बायनाबाईला जास्त जड गेली. या माणसाने तिला जन्मभर पोसलं होतं.

बांगड्या भरायच्या दिवशी पाळीवरून बाबूभाई एकटाच आला. सायकल ढकलत, मागे पाहत नव्हता, पण सवयीने अधूनमधून थांबत होता. मोहफुलं वेचणाऱ्या बायांनी त्याला पाहिलं आणि कोणीच कोणाला हाक मारली नाही. मांडवात तो पेटी उघडून बसला. लेक होती तोवर तो फक्त माळा काढून द्यायचा, भरायची सवय मोडली होती. बाया जमल्या, नवरी आली, पण सगळ्या जरा अंतरावर. बुधरी मांडवाच्या खांबाला धरून बाहेरच उभी होती. तिच्यासारख्या आणखीही दोघी-तिघी.

बायनाबाई सुपली घेऊन आली. नेहमीच्या डाव्या बाजूला बसली नाही. सुपली तिने खाली ठेवली आणि बाबूभाईच्या समोर, नवरीच्याही आधी, मांडी घालून बसली. हात पुढे केला. खैरूनने भरलेल्या दोन बांगड्या हडकुळ्या मनगटावरून कोपराकडे घसरल्या.

"भरा, बाबूभाई. या दोघीले सोबत पाह्यजे."

कोणी हललं नाही. लहानूभाऊ ओसरीवरून उठून मांडवाच्या तोंडाशी आला होता. बाबूभाईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा त्या हाताकडे, आणि हात धरला. गाईचं नाव विचारायला त्याला जमलं नसतं. पहिली बांगडी अंगठ्याच्या हाडावर वाढली आणि तुकडे मांडवभर उडाले. कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. बाबूभाईने डोळे पुसले, दुसरी घेतली. ती गेली. मग तिसरी.

बायनाबाईने डोक्यावर पदर घेतला आणि रीतीप्रमाणे नमस्कार केला. बाबूभाईच्या तोंडी जन्मभराचा एकच आशीर्वाद होता. "लंबी उमर..." त्याने सुरुवात केली आणि मधेच थांबून पेटीतल्या माळा सारख्या करू लागला.

"उमर गंज झाली, बाबूभाई," बायनाबाई हळूच म्हणाली. "खैरूनचे पाच उन्हाळे माह्या साठ वर्षाले भारी पडले. दुसरं काई द्या."

बाबूभाईने तिच्या भरलेल्या हाताकडे पाहिलं. "मंग वाजत राहा, बाई," तो म्हणाला.

खांबाजवळून बुधरी पुढे आली आणि बायनाबाईच्या मागे बसली. तिच्या मागे आणखी एक. नवरी हसून म्हणाली, "माहा नंबर कवा येईन?" आणि मांडव एकदम बोलका झाला. तेवढ्यात इतवारीची चिमुरडी अनवाणी पायांनी बायनाआजीकडे धावत निघाली. काचा तशाच पडल्या होत्या. वेचणारी बाई हात भरून बसली होती आणि तिच्या जागेवर कोणीच नव्हतं.

लहानूभाऊने नातीला दंडाला धरून थांबवलं. मग त्याने सुपली ओढून घेतली, गुडघ्यावर हात ठेवून कष्टाने खाली बसला आणि एकेक तुकडा वेचू लागला.